बारा व्होल्ट म्हणजे किती?

एलईडीच्या कॅल्क्युलेटरमध्ये १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, एका माळेत ४ पांढरे एलईडी, प्रत्येकाचा ड्रॉप (पेटल्यावर दोन पायांमध्ये पडणारं व्होल्टेज) ३.२ व्होल्ट आणि करंट २० मिलिअँपिअर एवढं भरलं, की उत्तर येतं: रेझिस्टर उणे ४० ओहम. असा रेझिस्टर नसतो. भरणारा थबकतो, आकडे पुन्हा बघतो. चार एलईडींना मिळून १२.८ व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे बाराच आहेत हे त्याच्या ध्यानात येतं, आणि तो एक एलईडी कमी करतो. या उत्तरानं कुणाचं काही बिघडत नाही, कारण ते चुकलंय हे उघड दिसतं.

आता समजा, कॅल्क्युलेटर लिहिणाऱ्याला उणे आकडा नकोसा वाटला आणि त्यानं उत्तराचं चिन्हच काढून टाकलं. पडद्यावर येईल ४० ओहम. हे उत्तर कुणालाच खटकणार नाही. दुकानात ३९ ओहमचा रेझिस्टर मिळतो, तो जोडला जातो, दिवा मिणमिणता लागतो आणि मग सगळी संध्याकाळ सोल्डरचा एकेक जोड तपासण्यात जाते. जोड सगळे चांगले असतात. घरी एलईडीचे दिवे बनवणाऱ्यांचा वेळ आणि पैसा खऱ्या अर्थानं वाया जातो तो अशा, बरोबर दिसणाऱ्या चुकीच्या उत्तरांपायी. ही उत्तरं कुठून येतात आणि ती पकडायची कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

घरचा आकाशकंदील, गणपतीचं मखर, ओट्यावरच्या कपाटाखालची पट्टी, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा, माशांच्या टाकीचं झाकण, शेतातल्या खोलीत बॅटरीवर चालणारा दिवा: घरगुती एलईडीची कामं साधारण या प्रकारातली. सामान आता सगळीकडे मिळतं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड इथं तर ते हमखास मिळतं. अडतं ते हिशेबाशी. म्हणून लोक एखादी एक्सेल शीट, फोनवरचं अ‍ॅप किंवा कुणी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम वापरतात. त्यातलं बहुतेक गणित चौथी-पाचवीच्या पलीकडचं नसतं. वजाबाकी, भागाकार, क्वचित गुणाकार. तरी उत्तरं चुकतात, आणि बहुधा चुकतात ती गणितात नव्हे तर गणिताच्या आधी, आपण भरलेल्या किंवा कॅल्क्युलेटरनं न विचारता गृहीत धरलेल्या आकड्यांत.

मुळात एलईडीला हिशेब लागतोच का, हे आधी बघू. जुन्या पिवळ्या बल्बला तो लागत नव्हता. फिलामेंट तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. २३० व्होल्टच्या जागी २४० आले तर बल्ब थोडा जास्त पेटतो, एवढंच. एलईडीचा स्वभाव याच्या नेमका उलट. ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि त्याच्या वर गेलं की एकदोन दशांश व्होल्टच्या फरकानं करंट दुप्पट होऊ शकतो. शिवाय एलईडी तापला की त्याचा ड्रॉप कमी होतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. म्हणून करंट बाहेरून बांधून द्यावा लागतो. लहान एलईडीला ते काम रेझिस्टर करतो, एक वॅट आणि त्यापुढच्या एलईडीला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. कॅल्क्युलेटर करतो ती या बांधणीची आखणी.

यातला पहिला गृहीत आकडा म्हणजे एलईडीचा ड्रॉप, आणि त्यामागे इतिहास आहे. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये दाखवला. पुढची तीसेक वर्षं एलईडी म्हणजे रेडिओवरचा किंवा कॅसेट प्लेयरवरचा लाल किंवा हिरवा ठिपका. त्याचा ड्रॉप २ व्होल्टच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठ्यपुस्तकांत, प्रयोगवह्यांत आणि पुढे कॅल्क्युलेटरच्या रकान्यांतही हाच २ चा आकडा रुळला. भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला आणि त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपण वापरतो तो पांढरा एलईडी आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही प्रकाश मिळून पांढरा दिसतो. म्हणून पांढऱ्याचा ड्रॉप निळ्याइतका, साधारण २.८ ते ३.४ व्होल्ट.

आता जुन्या सवयीचा कॅल्क्युलेटर घ्या. ड्रॉपचा रकाना तुम्ही रिकामा सोडलात की तो स्वतःच २ धरतो. १२ व्होल्टवर तो ५ एलईडी सुचवतो: पाच दुणे दहा, उरले २ व्होल्ट, २० मिलिअँपिअरसाठी १०० ओहम. हिशेब चोख आहे. लाल एलईडींची माळ त्यावर छान चालेल. पण पांढऱ्या पाच एलईडींना १६ व्होल्ट हवेत. माळ पेटतच नाही. इथं माणसाचा पहिला संशय जातो सोल्डरवर, दुसरा उलट जोडलेल्या एलईडीवर, तिसरा दुकानदारावर. कॅल्क्युलेटरवर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण त्यानं ‘१००’ असं स्वच्छ, गोल उत्तर दिलेलं असतं. मला वाटतं, न विचारता स्वतःहून भरलेला आकडा ही कॅल्क्युलेटरची सगळ्यात घातक सोय आहे. रकाना रिकामा असेल तर त्यानं उत्तर देऊच नये.

दुसरा गृहीत आकडा या प्रस्तावनेच्या मथळ्यात आहे. १२ व्होल्टवर ३ पांढरे एलईडी, ड्रॉप ३.२, करंट २० मिलिअँपिअर: ९.६ वजा जाता उरतात २.४ व्होल्ट, आणि रेझिस्टर येतो १२० ओहम. बाजारात तो नेमक्या याच किमतीचा मिळतो. पुस्तकभर मी हे उदाहरण परत परत वापरलं आहे. चांगल्या एसएमपीएसवर (स्थिर व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्यावर) ही माळ वर्षानुवर्षं चालते. तीच माळ लेड अ‍ॅसिड बॅटरीवर लावली की गोष्ट बदलते. ‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे तिचं नाव आहे. पूर्ण चार्ज होऊन निवांत असते तेव्हा ती १२.७ व्होल्टच्या आसपास असते, चार्जिंग चालू असताना १४.४ पर्यंत चढते आणि उतरली की ११ वर येते. आपल्या १२० ओहमच्या माळेतून ११ व्होल्टला सुमारे १२ मिलिअँपिअर जातात, १२.७ ला २६, १३.८ ला ३५ आणि १४.४ ला ४०. प्रत्यक्षात करंट वाढला की ड्रॉपही थोडा वाढतो, त्यामुळे शेवटचा आकडा ४० च्या जरा खाली राहील. तरीही २० मिलिअँपिअरच्या एलईडीतून जवळजवळ दुप्पट करंट जातो आहे, आणि तोही दुपारी, सोलर पॅनल बॅटरी भरत असताना, जेव्हा दिवा चालू राहिलाय हे कुणी बघतही नाही. काही आठवड्यांत एलईडी काळवंडतात. पडद्यावरचा हिशेब मात्र अजूनही बरोबरच असतो.

यावर उपाय आहे आणि तो कॅल्क्युलेटरला सुचत नाही. एका माळेत ३ ऐवजी २ एलईडी घ्या. ड्रॉप ६.४, उरले ५.६ व्होल्ट, रेझिस्टर २८० ओहम. आता १४.४ व्होल्टला करंट होतो साधारण २९ मिलिअँपिअर. रेझिस्टरच्या वाट्याला जितकं जास्त व्होल्टेज, तितका करंट स्थिर. पण बहुतेक कॅल्क्युलेटर वीज वाया जाऊ नये एवढंच बघतात आणि म्हणून माळेत मावतील तितके एलईडी कोंबतात. घरातल्या एसएमपीएससाठी ते योग्य आहे, बॅटरीसाठी नाही. दोन्हींना एकच सूत्र लावणारी शीट कुठल्या कामासाठी लिहिली होती, हे विचारल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. रेझिस्टर काढायच्या सूत्रात नेहमी सगळ्यात जास्त येऊ शकेल ते व्होल्टेज भरावं आणि मग सगळ्यात कमी व्होल्टेजला उजेड किती उरतो ते वेगळं पाहावं. म्हणजे व्होल्टेजचा एक रकाना पुरत नाही, दोन लागतात. या पुस्तकासोबतच्या शीटमध्ये ते दोन रकाने आहेत आणि दुसरा भरल्याशिवाय ती पुढे जात नाही.

याच कोंबाकोंबीचं टोक म्हणजे बरोब्बर भाग जाणं. ड्रॉप ३ व्होल्ट भरला तर १२ ला ३ नं भागून ४ एलईडी येतात, बाकी शून्य, रेझिस्टर शून्य ओहम. कॅल्क्युलेटर म्हणतो रेझिस्टरची गरज नाही. तसा दिवा कुणी करून लावलेला असतो, तो पेटतही असतो, आणि ‘माझा तर चालतोय की’ असं तो ठामपणे सांगतो. चालतोय, कारण त्या दिवशी अ‍ॅडॉप्टर नेमके १२ व्होल्ट देतोय आणि एलईडी थंड आहेत. करंट आवरायला त्या माळेत कुणीच नाही. अ‍ॅडॉप्टर बदलला किंवा उन्हाळा आला की ती माळ जाईल. उरलेलं व्होल्टेज पुरवठ्याच्या किमान एक पंचमांश असावं, त्याखाली कॅल्क्युलेटरनं थांबावं, असा मी दंडक ठेवला आहे. हा निसर्गाचा नियम नव्हे, माझ्या अनुभवातून आलेली मर्यादा आहे. १२० ओहमची आपली माळ या मर्यादेवर अगदी काठावर बसते.

बरोब्बर भाग जाण्यात आणखी एक बारीक खोच आहे आणि ती खुद्द संगणकाची आहे. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ सारखा साधा आकडाही त्याला नेमका लिहिता येत नाही. म्हणून कित्येक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.३ भागिले ०.१ याचं उत्तर ३ येत नाही, २.९९९९… येतं, आणि अपूर्णांक टाकून पूर्णांक घेतला की हातात २ राहतात. माळेतले एलईडी मोजणाऱ्या सूत्रात असं झालं तर काठावरच्या आकड्याला एक एलईडी गायब होतो. नुकसान नाही, पण शोधणारा वेडा होतो, कारण शेजारचा प्रत्येक आकडा बरोबर उत्तर देत असतो.

एककांची चूक सगळ्यांना माहीत असते आणि तरी ती सगळ्यांकडून होते. सूत्राला अँपिअर हवेत, माणूस मिलिअँपिअर भरतो. ०.०२ च्या जागी २० गेले की १२० ओहमचे ०.१२ ओहम होतात. एवढ्या लहान रेझिस्टरचं चित्र ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो लगेच ओळखतो. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा रेझिस्टर हातात घेतलाय तो दुकानात जाऊन ०.१२ ओहम मागतो.

मराठीत काम करणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते, आणि ती कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही म्हणून इथं सविस्तर सांगतो. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की आपण सहज १२ असं देवनागरीत टाइप करतो. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या कॅल्क्युलेटरला हे अंक आकडे म्हणून वाचता येत नाहीत. मजकुराचा आकडा करताना तो ‘हा आकडाच नाही’ असं मूल्य हाती देतो, आणि ते मूल्य पुढच्या प्रत्येक बेरीज-वजाबाकीत पसरतं. पायथन मात्र देवनागरी अंक निमूटपणे समजून घेतो आणि त्याचे बारा बरोबर होतात. म्हणजे तोच आकडा, तीच बोटं, दोन प्रोग्रॅम आणि दोन निकाल. एक्सेलसारख्या शीटमध्ये प्रकार आणखी फसवा होऊ शकतो. सेलमध्ये आकडा मजकूर म्हणून बसला तर तो डोळ्यांना दिसतो, पण रकान्याच्या बेरजेत धरलाच जात नाही. कुठलीही लाल खूण उमटत नाही, फक्त एकूण वॅट कमी येतात. सहा पट्ट्यांपैकी एकीचे वॅट असे गळाले तर एसएमपीएस लहान घेतला जातो आणि आरतीच्या वेळी सगळं मखर लुकलुकायला लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. काही वेगळं सांगितलेलं नसेल तर शीट आकडे उजवीकडे चिकटवते आणि मजकूर डावीकडे. रकान्यात एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला, की तो पुसून इंग्रजी अंकांत पुन्हा लिहा. पुस्तकासोबतची शीट दोन्ही लिपी ओळखते. मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या अंकांत लिहिता यावं, याबद्दल माझा आग्रह आहे आणि त्यासाठी दोनचार ओळींचं सूत्र जास्त लिहावं लागलं तरी हरकत नाही.

आता ज्या चुकीसाठी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलंय ती. एलईडी जळत नाही, वायर तापत नाही, आणि तरी दिवा चौपट महाग होतो.

अभ्यासाच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असावा. दिव्याचे ल्युमेन माहीत असतात, टेबलापासून त्याची उंची माहीत असते, आणि एलईडीचा प्रकाश किती अंशांत पसरतो तेही डब्यावर लिहिलेलं असतं, बहुधा १२० अंश. कॅल्क्युलेटरनं यावरून लक्स काढायचे. त्यासाठी प्रकाश ज्या शंकूत पसरतो त्याचा घनकोन लागतो, आणि त्याच्या सूत्रात पसरण्याच्या अर्ध्या कोनाची कोसाइन येते. १२० चा अर्धा ६०, ६० अंशांची कोसाइन ०.५, घनकोन ३.१४ स्टेरेडियन. ८०० ल्युमेनच्या दिव्याची तीव्रता त्यावरून २५५ कँडेला, म्हणजे १ मीटरवर २५५ लक्स आणि ७० सेंटिमीटरवर सुमारे ५२०. अभ्यासाला भरपूर. भिंग न लावलेल्या साध्या एलईडीच्या बरोबर खाली हा अंदाज चांगला जमतो.

पण शीटमधलं कॉस हे फंक्शन अंश घेत नाही, रेडियन घेतं. सूत्रात अंशांचे रेडियन करायचं राहून गेलं, तर ते ६० रेडियनची कोसाइन काढतं, जी उणे ०.९५ येते. घनकोन ३.१४ ऐवजी १२.२७ होतो. तीव्रता २५५ ऐवजी ६५ कँडेला, टेबलावर ५२० ऐवजी १३३ लक्स. पडद्यावर काहीही विचित्र दिसत नाही. १३३ हा अगदी सभ्य आकडा आहे. माणूस म्हणतो उजेड कमी पडतोय, आणि चौपट एलईडी घेतो, त्यांना पुरेल असा मोठा एसएमपीएस घेतो, अ‍ॅल्युमिनियमची मोठी पट्टी घेतो. मग मुलगी सांगते, बाबा, वहीचं पान चमकतंय, डोळे दुखतात.

या चुकीचं वैशिष्ट्य असं, की ती प्रत्येक दिव्याला वेगळी पडते. १२० अंशांच्या एलईडीला ती चौपट, तर ३० अंशांच्या स्पॉटला पन्नासपटीहून जास्त. म्हणून ‘आपल्या शीटमध्ये उत्तर चौपट कमी येतं, तर चारनं गुणू या’ असा जुगाड करून भागत नाही. माझ्या पाहण्यात असे जुगाड खूप येतात, आणि ते मूळ चुकीपेक्षा वाईट, कारण नंतर कुणी सूत्र दुरुस्त केलं तरी तो चारचा गुणाकार तसाच राहतो.

ही चूक सूत्र न वाचता पकडता येते. पसरण्याचा कोन ३६० भरा. म्हणजे दिवा सगळ्या दिशांना सारखा प्रकाश देतो, आणि पूर्ण गोलाचा घनकोन १२.५७ असतो, हे आपल्याला कॅल्क्युलेटरशिवाय माहीत आहे. शीटमध्ये १२.५७ आले तर ठीक. १०.०४ आले, तर रेडियन करायचं राहून गेलंय. एका आकड्यात निकाल. कॅल्क्युलेटरमधला दोष शोधायची सगळ्यात खात्रीची रीत मला हीच वाटते: ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काहीतरी त्याला विचारायचं. शून्य एलईडी भरले तर शून्य वॅट आले पाहिजेत. पट्टीची लांबी दुप्पट केली तर वॅट दुप्पट झाले पाहिजेत. उंची दुप्पट केली तर लक्स चौथ्या हिश्शावर आले पाहिजेत. यांतलं काही घडलं नाही, की सूत्र कुठलं आणि ते कुणी लिहिलंय याची चर्चा थांबवून त्या एका रकान्यामागे लागायचं.

वायरचा हिशेब बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये नसतोच, आणि असला तर एका ठिकाणी हमखास चुकतो. मखर हॉलच्या एका टोकाला, एसएमपीएस दुसऱ्या टोकाला, मध्ये १० मीटर. करंट ३ अँपिअर, वायर ०.५ चौरस एमएमची. तांब्याच्या रोधावरून या वायरीत २ व्होल्टहून थोडे जास्त पडतात, म्हणजे पट्टीपर्यंत पोचतात जेमतेम १० व्होल्ट. चुकणारा कॅल्क्युलेटर १ व्होल्टच सांगतो, कारण तो वायर १० मीटर धरतो. करंट जातो तसा परतही येतो, वायर २० मीटर आहे. तीच वायर दीड चौरस एमएमची घेतली तर पडतात ०.७ व्होल्ट. आणि पट्टीच २४ व्होल्टची घेतली तर तेवढ्याच वॅटला करंट निम्मा होतो, व्होल्ट निम्मे पडतात, आणि टक्केवारीत बघाल तर नुकसान चौथ्या हिश्शावर येतं. लांब अंतर असेल तर २४ व्होल्टचीच पट्टी घ्यावी, असं मी आग्रहानं सांगतो. रंग बदलणाऱ्या ५ व्होल्टच्या पिक्सेल पट्टीत तर हे डोळ्यांना दिसतं. पूर्ण पांढरा लावला की पट्टीच्या शेवटाकडे पांढऱ्याचा तांबूस होत जातो, कारण व्होल्टेज कमी पडलं की आधी निळा आणि हिरवा मागे पडतात, लाल टिकतो. ३०० पिक्सेलची पट्टी पूर्ण पांढऱ्यात १८ अँपिअरपर्यंत मागू शकते. तिला वीज दोन्ही टोकांनी द्यावी.

एसएमपीएसच्या निवडीवर फार बोलण्यासारखं नाही. ५०५० जातीची मीटरला ६० एलईडींची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते, ५ मीटरचं बंडल ७२ वॅट. त्याला ६० वॅटचा एसएमपीएस लावू नये आणि ७२ चाही लावू नये, ९० किंवा १०० चा लावावा. रेझिस्टरची किंमत बाजारातल्या मालिकेत बसवताना जवळच्या आकड्याकडे नव्हे, वरच्या आकड्याकडे जावं: हिशेबात १०५ ओहम आले तर १०० नको, १२०. एवढंच.

उष्णतेविषयी मात्र कॅल्क्युलेटर गप्प असतो आणि तो गप्प आहे हे आपल्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठा, कागद, कापड, बांबू यांची होऊ लागली. ते चांगलंच झालं. पण पुठ्ठ्याच्या बंद खोबणीत ७२ वॅटची पट्टी चिकटवून दहा दिवस संध्याकाळभर चालवायची, तर ती उष्णता जाणार कुठे हे आधी ठरवावं लागतं. एलईडी ‘थंड’ असतात ही समजूत त्यांच्या प्रकाशाच्या दिशेला खरी आहे. पाठीमागे ते तापतात. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावी, खोबण वरून उघडी ठेवावी, आणि एसएमपीएस मखराच्या आत कधीच ठेवू नये. आकाशकंदिलाला तर इतके वॅट लागतही नाहीत. त्यात १० वॅटच्या आत सुंदर काम होतं, आणि कागदाचा रंगही त्यातच खुलून दिसतो.

एक मर्यादा ठामपणे सांगायची आहे. हे पुस्तक २४ व्होल्टपर्यंतच्या कामाचं आहे. थेट २३० व्होल्टवर कपॅसिटर लावून एलईडी चालवण्याचे आराखडे सगळीकडे फिरतात आणि स्वस्त पडतात, पण त्यात प्रत्येक एलईडीचा पाय मेन्सला जोडलेला असतो. मुलांचे हात पोचतील अशा कंदिलात किंवा मखरात असा आराखडा वापरू नये. त्याचा हिशेब इथल्या शीटमध्ये मुद्दाम ठेवलेला नाही, आणि कुणी तसा रकाना जोडून मागितला तरी मी देणार नाही.

प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमानं आहे: आधी मोजणी, मग माळ, मग वायर आणि पुरवठा, मग उजेड, शेवटी उष्णता. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोनतीन उदाहरणं कागदावर, हातानं सोडवून दिली आहेत. ती आधी स्वतः सोडवा आणि मग तेच आकडे शीटमध्ये भरा. उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका. तुमच्याकडे आधीपासून दुसरा कुठला कॅल्क्युलेटर असेल तर त्यालाही हीच उदाहरणं घाला. त्यासाठी पुस्तकासोबतचीच शीट वापरायला हवी असं नाही.

सामान म्हणून सुरुवातीला एक साधा मल्टीमीटर, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, चार-सहा पांढरे एलईडी आणि ४७० ओहमचा पाव वॅटचा एक रेझिस्टर पुरे. अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज मोजा आणि लिहून ठेवा. मग एक एलईडी आणि तो रेझिस्टर ओळीनं जोडा आणि एलईडीच्या दोन पायांमधलं व्होल्टेज मोजा. ३.१ च्या आसपास येईल. तुमच्या हातातल्या एलईडीचा ड्रॉप तोच, डब्यावर किंवा पडद्यावर काहीही लिहिलेलं असो. आता रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजून ४७० नं भागा. १९ मिलिअँपिअरच्या जवळपास आकडा आला पाहिजे. थोडा फरक पडला तर घाबरू नका. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असेल तर त्याची खरी किंमत ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे ४४६ ते ४९४ ओहमच्या दरम्यान कुठेही असू शकते. हे आकडे पहिल्या प्रकरणातल्या तक्त्यात भरा. त्यातल्या पहिल्या ओळीत अ‍ॅडॉप्टरचं मोजलेलं व्होल्टेज जातं.